लान्स नायकाला शिक्षा द्यायचा अधिकार असतो का? रगडा, आउटपास आणि पाचशे रुपयांचा "दंड"

गडहिंग्लजकडच्या एका दादांचा प्रश्न आहे, ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. धाकटा भाऊ अग्निवीर, ट्रेनिंग संपवून युनिटात जाऊन वर्ष होत आलं. सेक्शनमधला (दहाएक जवानांच्या तुकडीतला) लान्स नायक, म्हणजे शिपायाच्या वरची पहिली फीत, रोलकॉल झाल्यावर रात्री बॅरकीमागं रगडा (अंगमेहनतीची शिक्षा) देतो, रविवारचा आउटपास (बाहेर जायची परवानगी) अडवतो, स्वतःचे कपडे धुवायला लावतो, आणि काही चुकलं की "सेक्शन फंड" म्हणून पाचशे रुपये फोनपेवर घेतो. भाऊ म्हणतो घरात कुणी काही बोलू नका, नाहीतर चार वर्षांनी माझं पर्मनंट व्हायचं राहील. आणि दादा विचारतायत की एवढे अधिकार खरंच लान्स नायकाला असतात का, आणि आम्ही आमदारांचं पत्र आणू का सरळ व्हिडिओ टाकू?

मी इन्फंट्रीत शिपाई म्हणून गेलो आणि सुभेदार म्हणून बाहेर पडलो, मधली बरीच वर्षं कंपनी हवालदार मेजर (सीएचएम) होतो, म्हणजे असली भानगड ज्याच्या पुढ्यात सगळ्यात आधी येते तो माणूस. आता कोल्हापुरातच असतो. वकील नाही, पण आर्मी ॲक्टची जी कलमं रोजच्या कामात लागतात ती पाठ आहेत.

दादा, तुम्ही चार गोष्टी एका पोत्यात भरल्यात, आधी त्या सुट्या करूया, कारण प्रत्येकीचं वजन वेगळं आहे. रगडा, आउटपास, कपडे, पैसे. घरच्यांना यातला रगडा सगळ्यात वाईट वाटतो कारण त्यात पोराच्या अंगाला त्रास होतो. माझ्या लेखी सगळ्यात वाईट पैसे, मग कपडे, मग आउटपास आणि रगडा शेवटी. का ते सांगतो.

आधी अधिकाराचं बघू. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ८० खाली जवानाला कोर्ट मार्शलशिवाय, म्हणजे युनिटातल्या युनिटात शिक्षा देता येते. त्यात २८ दिवसांपर्यंत कैद किंवा डिटेन्शन, २८ दिवसांपर्यंत लाइनबंदी (युनिटाच्या लाइनबाहेर पडायला मनाई), जादा गार्ड किंवा जादा ड्युटी, एका महिन्यात जास्तीत जास्त १४ दिवसांच्या पगाराएवढा दंड, असं सगळं लिहिलंय. पण हे देणार कोण, तर कमांडिंग ऑफिसर (सीओ), आणि ज्यांना रीतसर तसे अधिकार दिलेत ते ऑफिसर. या कायद्यात ऑफिसर म्हणजे कमिशन्ड ऑफिसर. त्यात सुभेदार मेजरसुद्धा बसत नाही, मग लान्स नायकाचं काय घेऊन बसलाय. आणि सीओसुद्धा मनात आलं म्हणून शिक्षा ठोकू शकत नाही. आर्मी रूल २२ प्रमाणं जवानाला समोर उभं करून आरोप ऐकवायचा, त्याला साक्षीदाराला उलट प्रश्न विचारू द्यायचे, स्वतःचा साक्षीदार आणायचा असला तर आणू द्यायचा, त्याचं म्हणणं ऐकायचं. टोपी-बेल्ट काढून जो मार्च-अप होतो ना, ज्याच्या नावानं पोरं घाबरतात, त्याच मार्च-अपमध्ये पोराला बोलायचा हक्क असतो. बॅरकीमागच्या रगड्यात तो नसतो.

म्हणजे सरळ उत्तर, लान्स नायकाला शिक्षेचा अधिकार शून्य आहे. नायकाला आणि हवालदारालाही शून्य.

पण इथंच थांबू नका, नाहीतर तुमचा भाऊ उद्या छाती काढून त्याला सांगायला जाईल आणि स्वतःच अडकेल. कारण हुकूम मानायचा प्रश्न आला की तोच कायदा लान्स नायकाला वरिष्ठ धरतो. त्याच्यावर हात उचलला तर कलम ४० लागतं, त्यात दहा ते चौदा वर्षांपर्यंत कैद लिहिलीय, आणि त्याचा कायदेशीर हुकूम मोडला तर कलम ४१. पलटणीत जेवढा गैरवापर मी बघितला तो सगळा या फटीतून येतो. शिक्षा देता येत नाही पण हुकूम देता येतो, मग शिक्षेलाच हुकमाचा युनिफॉर्म चढवायचा. "जा, शंभर पुशअप मार" ही शिक्षा का ट्रेनिंग? "आज दोन ते चार तू संत्री (पहारेकरी)" ही शिक्षा का ड्युटी? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

मग फरक कशावरून करायचा तर मी दोनच गोष्टी बघायचो. चूक आणि काम यांचा एकमेकांशी संबंध आहे का, आणि हे वरच्याला माहीत आहे का. रायफल घाण निघाली, परत साफ कर आणि मला दाखव, ठीक. २.४ किलोमीटरच्या पळण्यात नापास झाला, रोज संध्याकाळी गेम्सच्या टायमाला जादा पळ, एकदम ठीक, ते त्याच्याच फायद्याचं आहे. फॉल-इनला उशीर केला, उद्यापासून दहा मिनिटं आधी येऊन मला रिपोर्ट दे, चालतंय की. पण रामराम घातला नाही म्हणून रात्री दहा वाजता पिठ्ठू (पाठीवरची बॅग) लावून फ्रंट रोल, तेही सीनियर जेसीओ (सुभेदार वगैरे) झोपल्यावर, याला ट्रेनिंग म्हणत नाहीत. आणि दुसरी गोष्ट पहिल्यापेक्षा मोठी आहे. जे काम एनसीओ (लान्स नायक, नायक, हवालदार) कंपनी कमांडरसमोर करायला कचरत नाही ते बहुतेक वेळा बरोबरच असतं.

कोल्हापुरात कुणाला हे सांगितलं की म्हणतात साहेब, आमच्या तालमीत वस्ताद याच्या दुप्पट बैठका मारायला लावतो, त्यात काय एवढं. अहो पण वस्ताद ते हौद्यात सगळ्यांसमोर करतो, पोराच्या बापाला माहीत असतं, आणि पोराला नाही झेपलं तर उद्यापासून तालमीला जायचं बंद करता येतं. पलटणीतल्या पोराला बंद करता येत नाही, म्हणून तिथं बंधन जास्त पायजे.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलली पाहिजे जी घरच्यांना माहीत नसते. रगडा टिकून आहे तो फक्त दुष्ट एनसीओंमुळं नाही, पोरांनाच तो बरा वाटतो. रीतसर शिक्षा झाली की ती कंडक्ट शीटवर (जवानाच्या वर्तणुकीच्या कागदावर) चढते, लाल शाईची किंवा काळ्या शाईची एंट्री पडते आणि ती प्रमोशनपर्यंत, कोर्सपर्यंत, सगळीकडं मागं लागते. चार लाल एंट्र्या झाल्या की सर्व्हिसमधून काढायचा विचार होऊ शकतो, जरी २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की चार झाल्या म्हणून आपोआप काढता येत नाही, आधी चौकशी आणि त्या माणसाच्या पूर्ण सर्व्हिसचा विचार करावा लागतो. त्यामुळं पोरगं पाच मिनिटं उशिरा आलं तर त्याला मार्च-अप करून एंट्री पाडण्यापेक्षा हवालदार म्हणतो चल ग्राऊंडला चार चक्कर मार आणि विषय संपव, आणि पोरगंही मनात म्हणतं वाचलो. दोघांचाही त्यात फायदा असतो. मी स्वतः असं शेकडो वेळा होऊ दिलंय आणि आजही होऊ देईन. पण ज्या पोराला एंट्रीची भीती जास्त, तो या तोंडी व्यवहारात जास्त पिळला जातो, आणि अग्निवीराइतकी भीती कुणालाच नसते. २०२२ ला अग्निपथ योजना आली तेव्हापासून गणित सरळ आहे, चार वर्षं आणि त्यातले २५ टक्क्यांपर्यंतच पुढं ठेवणार. तुमच्या भावाच्या लान्स नायकाला हे गणित भावापेक्षा जास्त चांगलं कळतं. तो त्याच्यावरच खेळतोय.

एक प्रसंग सांगतो, गैरवापर कसा दिसतो ते कळायला. आमची कंपनी पोस्टवर होती, रात्रीची संत्री ड्युटी दोन-दोन तासांची, आणि सेक्शनची ड्युटी वही लान्स नायक लिहायचा, सेक्शन कमांडर सुट्टीवर होता. वही चाळताना नजर आडवी न फिरवता उभी फिरवली तर मधल्या रकान्यात, दोन ते चारच्या खाली, वरपासून खालपर्यंत एकच नाव. बाकीची नावं फिरतायत, हे एक हललेलं नाही. दोन ते चार म्हणजे झोप मधोमध तोडणारी वेळ, आधीही नीट झोप होत नाही आणि नंतरही नाही, कुठल्याही जवानाला विचारा. त्या पोराला मी दिवसा बघितलं होतं, लंगरमध्ये (जवानांच्या जेवणघरात) ताट हातात घेऊन पेंगत होता, मला वाटलं घरचं काही टेन्शन असेल. लान्स नायकाला स्टोअरमध्ये बोलावलं, सेक्शनसमोर नाही, आणि वही उघडून फक्त रकान्यावर बोट ठेवलं. म्हणाला साहेब, तो उलटं बोलतो. मी म्हटलं मग त्याचा रिपोर्ट लिही, कंपनी कमांडर मेजर साहेबांच्या समोर उभा करू, तू साक्षीला ये. तर गप्प. कारण मेजर साहेबांनी पोराला विचारलं असतं की काय उलटं बोललास, आणि पोरानं सांगितलं असतं की माझी सुट्टीची अर्जी तुम्ही पुढं का पाठवली नाही एवढंच विचारलं. विषय तेवढाच होता.

त्यानंतर आमच्या कंपनीत मी एक पद्धत लावली, कुणालाही काही जादा काम दिलं असेल तर ते रोलकॉलला मोठ्यानं सांगायचं, नाव आणि कारणासकट. "अमुक, उद्या जादा वेपन क्लिनिंग, कारण आज बॅरलमध्ये कार्बन निघाला." एवढंच. ज्याला कारण मोठ्यानं सांगायची लाज वाटते तो आपोआप थांबतो. नव्या एनसीओंचं मला फार नवल वाटत नाही, काल ज्या पोरांबरोबर एका ताटात खाल्लं त्यांच्यावर आज फीत लावून हुकूम सोडायचा असतो, वय बावीस-तेवीस-चोवीस, कॅडरमध्ये (एनसीओ व्हायच्या कोर्समध्ये) ड्रिल शिकवतात, हत्यार शिकवतात, मॅप शिकवतात, पण "माझं कुणी ऐकलं नाही तर काय" याचं उत्तर कुणी शिकवत नाही. ते उत्तर त्याला त्याच्या वरच्या हवालदाराकडून मिळतं आणि बहुतेक वेळा ते "बघून घे" एवढंच असतं. म्हणून असल्या प्रकरणात मी आधी त्या लान्स नायकाचा हवालदार कुठं होता ते विचारतो.

आता तुमच्या चार गोष्टी.

पैसे. यात कसलाही ग्रे एरिया नाही. युनिटात दंड फक्त कलम ८० खाली होतो, तो लिहिला जातो आणि पगारातून कटतो, कुणाच्या फोनपेवर जात नाही. अधिकार नसताना कुणाकडून पैसे, रसद किंवा सेवा उकळणं हा कलम ५३ चा गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंतची कैद. अग्निवीराला दुसऱ्या वर्षी ३३,००० मधले हातात २३,१०० येतात, त्यातून चुकीला पाचशे म्हणजे महिन्याला किती होतात ते तुम्हीच बघा. हां, एक गोष्ट आधी भावाला विचारून घ्या. काही सेक्शनमध्ये चहा-साखर, टीव्ही रिचार्ज, कुणाचा निरोप समारंभ यासाठी सगळे मिळून वर्गणी काढतात, ती वेगळी. सगळे देतात का, सारखी देतात का, हिशोब दिसतो का? फक्त चुकणाराच देत असेल तर ती वर्गणी नाही.

कपडे. वरच्याच कलमात "सेवा" पण आहे. एखाद्या वेळी सीनियर म्हणाला माझी पण बादली भरून ठेव, त्यावरून कुणी तक्रार करत नाही आणि करूही नये, पलटणीत भाऊबंदकीसारखं चालतं. रोजचं काम लावलं, आणि नाही केलं तर रगडा, तर विषय वेगळा.

आउटपास आणि सुट्टी. इथं जरा थांबा, कारण परिस्थितीवर खूप अवलंबून आहे. सुट्टी हा हक्क नाही, सवलत आहे, सेक्शनमध्ये माणसं कमी असली, एक्सरसाइज चालू असली, तर आउटपास बंद होतोच आणि तो सगळ्यांचा होतो. लान्स नायक फक्त नाव पुढं पाठवतो, मंजूर-नामंजूर वरून होतं. एकाच पोराचं नाव दर वेळी पुढं जात नसेल तर त्याला अर्थ आहे.

रगडा. युनिट कुठलं, भाऊ कुठल्या कोर्सच्या तयारीत आहे का, सगळ्या सेक्शनला देतात का एकट्याला, यावर ठरेल. ट्रेनिंग सेंटरमध्ये उस्ताद जे करतो त्याचा निकष युनिटाला लागत नाही आणि उलटही नाही. पण हात लावला असेल, मुस्काटात मारली असेल, बेल्ट वापरला असेल, तर कलम ४७ आहे, हाताखालच्याला मारहाण किंवा वाईट वागणूक, सात वर्षांपर्यंत कैद. आणि तसं झालं असेल तर त्यानं एमआय रूमला (युनिटच्या दवाखान्यात) जावं आणि डॉक्टरांना खरं कारण सांगावं. बाथरूममध्ये घसरलो म्हणून सांगितलं की कागदावर कायमचं तेच राहतं.

करायचं काय. आर्मी ॲक्टचं कलम २६ जवानाला तक्रारीचा हक्क देतं. कंपनीत असलेला जवान आपल्या कंपनी कमांडरकडं तक्रार करू शकतो, तक्रार कंपनी कमांडरवरच असेल तर त्यांच्या वरच्याकडं, आणि ज्या ऑफिसरकडं ती जाते त्याला शक्य तेवढी पूर्ण चौकशी करणं बंधनकारक आहे. व्यवहारात असं होतं की पोरगं आधी प्लाटून जेसीओ किंवा सीएचएमला सांगतं की मला ओसी साहेबांचा (म्हणजे कंपनी कमांडरचा) इंटरव्ह्यू पाहिजे. कारण विचारतील, म्हणायचं पर्सनल आहे साहेब. माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं या वाक्यावरच संपतात, कारण सीएचएमला तेवढ्यावरून वास येतो आणि तो त्याच संध्याकाळी चौकशी करतो.

लेखी द्यायचं असेल तर एका पानावर, तारीख, वेळ, जागा, काय सांगितलं, कोण हजर होतं. विशेषणं नकोत. "जुलमी", "नराधम" वगैरे लिहून आणलेले अर्ज मी बघितलेत, वाचणारा ऑफिसर पहिल्याच ओळीत वैतागतो. जेवढं डोळ्यानं बघितलं तेवढंच लिहायचं, कारण तक्रारीत जाणूनबुजून खोटं लिहिलं तर कलम ५६ उलटं त्याच्यावरच येतं. आणि चार पोरांनी मिळून एक अर्ज करायचा नाही, फौजेत सामूहिक अर्ज चालत नाही, त्याचा वेगळाच अर्थ काढतात. चौघांना त्रास असेल तर चौघांनी आपापला द्यायचा.

आमदारांचं पत्र नको. बाहेरून दबाव आणला असं दिसतं आणि त्याची किंमत भाऊ मोजेल, लान्स नायक नाही. व्हिडिओ तर अजिबात नको. २०१७ च्या जानेवारीत जवानांचे व्हिडिओ फिरले तेव्हा त्या वेळचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी तक्रारपेट्यांची सोय जाहीर केली आणि त्याच बरोबर सोशल मीडियावर तक्रार टाकणाऱ्यावर कारवाई होऊ शकते असंही स्पष्ट सांगितलं. शिवाय कॅम्पचं काय काय त्यात दिसेल ते पोराच्या लक्षातही येणार नाही. कोल्हापुरात टेंबलाईला टीए (टेरिटोरियल आर्मी) बटालियन आहे, शहरात भरती ऑफिस आहे, सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथं जाऊन भेटू का असंही लोक विचारतात. माणसं चांगलं बोलतील, चहा देतील, पण भावाच्या युनिटच्या शिस्तीवर त्यांचा काही अधिकार नाही. आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलचं मुंबई बेंच आहे, पण ते कागदावरच्या निर्णयाविरुद्ध जायला, इथं अजून कागदच नाही.

पर्मनंट व्हायच्या भीतीबद्दल मी खोटा दिलासा देणार नाही. तक्रार करणाऱ्याकडं काही ठिकाणी वाकड्या नजरेनं बघतात, हे खरं आहे. पण लान्स नायक त्याचं भवितव्य ठरवत नाही, तो तसं भासवतो. आणि जो पोरगा चार वर्षं रात्री झोपत नाही त्याचा पीटीत, फायरिंगमध्ये काय परफॉर्मन्स येणार, तो तर रेकॉर्डवर येणारच आहे.

एका बाबतीत मात्र वरचं सगळं बाजूला ठेवायचं. भाऊ फोनवर "मला जगायचं नाही", "एक दिवस मी त्याला सोडणार नाही" असलं काही बोलला, किंवा बोलायचाच बंद झाला, तर इंटरव्ह्यूची वाट बघू नका. त्याच्या हातात रात्री हत्यार असतं. तुम्ही स्वतः युनिटला फोन लावा, ॲडज्युटंट (सीओच्या हाताखाली युनिटचं कामकाज बघणारे ऑफिसर) किंवा सुभेदार मेजर साहेबांना मागा, आणि घरच्या माणसानं जसं सांगावं तसं सांगा. तक्रार म्हणून नाही, काळजी म्हणून. त्या फोनला युनिट लगेच हलतं, मी हललेलं बघितलंय, आणि त्यात पोराचं काही बिघडत नाही.

ते नसेल तर या आठवड्यात एवढंच करा. फोनपेच्या एंट्र्या डिलीट करू नका, तारखेसकट स्क्रीनशॉट काढून तुमच्याकडं ठेवा, पैसे ज्या नंबरवर गेले तो लान्स नायकाचाच आहे का त्याच्या दोस्ताचा ते बघा. पुढच्या वेळी पैसे मागितले तर भावानं भांडायचं नाही, "सर, ओसी साहेबांना विचारून देतो" एवढंच म्हणायचं, शांतपणे. आणि सोमवारी इंटरव्ह्यू मागायचा. मागितल्यावर सीएचएम काय म्हणाला ते इथं खाली लिहा, शब्द न बदलता, मग पुढचं सांगतो.